वाय-२७६३२ आणि फॅलॉइडिन: नांदेडच्या एका छोट्या प्रयोगशाळेतून

कॉलेजात टिश्यू कल्चरची एक खोली आहे, साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे, कॉन्फोकल नाही आणि लवकर येण्याची शक्यताही नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक विज्ञान महाविद्यालयांची, जिथं थोडंफार पेशींवर काम चालतं तिथली, स्थिती हीच आहे. अशा ठिकाणी घडत्या स्नायूपेशीत प्रोटीन कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारी एन्झाइम) काय करतात हे विद्यार्थ्यांना दाखवायचं असेल तर पहिली ऑर्डर वाय-२७६३२ या इनहिबिटरची, म्हणजे कायनेजला अडवणाऱ्या रसायनाची, द्यावी आणि त्याच पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) पेशीतले ॲक्टिनचे धागे चमकवून दाखवणारं फ्लुरोसन्ट फॅलॉइडिन टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. या जोडीबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ते एकतर विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, नाहीतर ज्यांच्याकडं सगळी यंत्रं आहेत अशा मोठ्या संस्थांचं असतं. आमच्यासारख्यांच्या टेबलावर ही रसायनं कशी वागतात ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी नांदेडला प्राणिशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या मुलांचे प्रकल्प माझ्याकडं असतात. मुलं कंधार, लोहा, मुखेड, हदगावकडची. ज्यांच्या दावणीला लाल कंधारी बैल आहे त्यांना स्नायू म्हणजे काय हे मी वेगळं शिकवायची गरज नसते. भरलेला खांदा ते लांबूनच ओळखतात. पण तो खांदा ज्या पेशींनी भरतो त्या सुरुवातीला कशा असतात, लांब का होतात, शेकडो पेशी एकमेकींत मिसळून एकच नळी का तयार करतात, हे पुस्तकातल्या आकृतीवरून पटत नाही. आकृतीत नुसते बाण असतात. ऱ्हो, रॉक, मायोसिन ही पेशीतली प्रथिनं; ऱ्होकडून रॉककडं बाण, रॉककडून मायोसिनकडं बाण, परीक्षेत काढून दाखवायचे आणि विसरून जायचे. वाय-२७६३२ त्यातला एक बाण पुसून टाकतं, आणि पुसल्यावर काय होतं ते अर्ध्या तासात दिसतं. माझ्या लेखी त्याची सगळी किंमत यात आहे.

कायनेज हे एटीपीवरचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा) एक फॉस्फेट काढून दुसऱ्या रेणूवर बसवणारं एन्झाइम. प्रोटीन कायनेज तो फॉस्फेट प्रथिनावर, बहुतेक वेळा त्यातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन यांपैकी एखाद्या अमिनो आम्लावर ठेवतात. फॉस्फेटवर ऋण भार असतो, तो आला की त्या प्रथिनाची घडी बदलते, कुणाशी जुळायचं ते बदलतं, काम सुरू होतं किंवा थांबतं. माणसाच्या जीनोममध्ये अशी ५१८ कायनेज असल्याची यादी २००२ साली प्रसिद्ध झाली. मुलांना कायनेज म्हटलं की कॅन्सर आठवतो. मी त्यांना आवर्जून सांगते की या विषयाचा उगमच स्नायूत आहे: एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास सिएटलमध्ये सशाच्या स्नायूतल्या फॉस्फोरिलेजवर काम करताना हे फॉस्फेट बसवणं-काढणं उलगडलं आणि १९९२ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

आता वाय-२७६३२ ज्याला अडवतं ते कायनेज, रॉक. ऱ्हो-ए नावाचं छोटं प्रथिन चालू झालं की ते रॉकला जागं करतं. रॉक मग पेशीचा सांगाडा असलेल्या ॲक्टिनच्या धाग्यांवर एकाच वेळी तीन बाजूंनी परिणाम करतं. ॲक्टिनचे धागे ओढणाऱ्या मायोसिनच्या हलक्या साखळीवर, सेरीन १९ वर (१९ व्या जागेवरच्या सेरीनवर), फॉस्फेट बसवून मायोसिनला ओढायला लावतं. तोच फॉस्फेट काढून टाकणारं जे फॉस्फेटेज आहे त्याच्या एमवायपीटी-१ या भागावर फॉस्फेट बसवून त्याला गप्प करतं, म्हणजे ओढ चालूच राहते. आणि लिम-कायनेजला चालना देऊन त्याच्याकरवी कोफिलिनच्या सेरीन ३ वर फॉस्फेट बसवतं. कोफिलिनचं काम ॲक्टिनचे धागे तोडण्याचं, ते थांबतं. धागा तुटत नाही आणि वर मायोसिन त्याला ताणून धरतं, म्हणून पेशीत जाडजूड ताणतंतू दिसतात. बाज विणताना सुंभ ताणून धरणारा माणूस उठून गेला तर विणकामाचं जे होईल, तेच रॉक बंद झाल्यावर या तंतूंचं होतं.

हे इनहिबिटर १९९७ साली जपानमधून जगासमोर आलं. ते एटीपीच्या जागेवर जाऊन बसतं. रॉकसाठी त्याचा केआय (अडवण्याची ताकद सांगणारा आकडा, जितका कमी तितकी पकड घट्ट) सुमारे ०.१४ मायक्रोमोलर आहे, तरी पेशींवर १० मायक्रोमोलर वापरतात, आणि दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी विचारतो की एवढं जास्त का. कारण पेशीत एटीपी मिलिमोलरच्या पातळीत असतं. त्या गर्दीत जागा मिळवायची तर मात्रा वाढवावीच लागते. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी पुढं चांगलं काम करतो, असा माझा अनुभव आहे.

वापरायला हे अतिशय सरळ आहे. डायहायड्रोक्लोराइड रूपात पांढरी पावडर येते, पाण्यात विरघळते. ही बाब स्नायूपेशींच्या कामात फार मोलाची. बरेच इनहिबिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवावे लागतात, आणि डीएमएसओचं प्रमाण वाढलं तर मायोब्लास्टचं (सुट्या कोवळ्या स्नायूपेशींचं) मायोट्यूब, म्हणजे मिसळून झालेली नळी, होणंच अडतं. मग परिणाम इनहिबिटरचा की डीएमएसओचा, हे वेगळं काढायला आणखी कंट्रोल लावा. इथं ती कटकट नाही. रेणुभार ३२०.३ असलेली एक मिलिग्रॅमची कुपी ३१२ मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवली की १० मिलिमोलर स्टॉक तयार. मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रावणात, हजारास एक टाकायचं. म्हणजे एका कुपीत ३१२ मिलिलिटर मीडिया होतो. २४ खणांच्या प्लेटला १२ मिलिलिटर लागतो असं धरलं तर २६ प्लेटा. एका बॅचचं काम त्यात आरामात निभतं. फक्त लेबल नीट वाचा. काही कंपन्या तेच रसायन पाण्याच्या रेणूसकट विकतात, त्याचा रेणुभार ३३८ च्या आसपास असतो आणि हिशोब बदलतो. स्टॉकचे लहान लहान भाग करून उणे २० ला ठेवायचे, वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही.

उन्हाळ्याबद्दल बोलायलाच हवं. मे महिन्यात नांदेडचा पारा ४३-४४ वर असतो, वीज जाते, पार्सल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पत्र्याखाली पडून राहतं. अशा हवामानात ज्या रसायनाला ड्राय आइस लागतं ते आमच्याकडं पोचेपर्यंत त्याचं काय झालं असेल याची खात्री देता येत नाही. वाय-२७६३२ ची कोरडी पावडर त्या मानानं दणकट आहे. ओल लागू दिली नाही तर प्रवासातला उकाडा ती सोसते. पाण्यात विरघळवल्यानंतर मात्र ती नाजूक समजावी.

पेशींसाठी आम्ही पुण्याच्या एनसीसीएसवर, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रावर, अवलंबून आहोत आणि त्यांच्या पेशीभांडाराचं कौतुक करावं तेवढं थोडं. सी२सी१२ ही उंदराच्या स्नायूची पेशीमालिका तिथून मिळते. याफे आणि सॅक्सेल यांनी १९७७ साली इस्राएलमध्ये उंदराच्या मांडीच्या स्नायूतून मूळ सी२ पेशी वेगळ्या केल्या आणि पुढं १९८० च्या दशकात हेलन ब्लाउ यांच्या गटानं त्यातून सी२सी१२ ही शाखा काढली. आमच्या पेशी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आल्या, मीडियानं गळ्यापर्यंत भरलेल्या फ्लास्कमध्ये, झाकणाला पॅराफिल्म लावून, एका विद्यार्थ्याच्या मांडीवर. सकाळी इनक्युबेटरमध्ये ठेवल्या, दुसऱ्या दिवशी तळाला नीट चिकटलेल्या होत्या. या पेशींची एक सवय पक्की ध्यानात ठेवावी: फ्लास्कचा तळ पेशींनी सत्तर टक्क्यांच्या वर भरू द्यायचा नाही. पेशी एकमेकींना भिडल्या की त्या आपोआप स्नायू व्हायच्या मार्गाला लागतात, आणि पुढच्या पिढ्यांसाठी हाती उरतात त्या न मिसळणाऱ्याच. पोळ्याची किंवा महालक्ष्म्यांची सुट्टी आली की आमच्याकडं यादी ठरते, कुणी थांबून पेशी बघायच्या.

मुख्य प्रयोग असा. कव्हरस्लिपवर मायोब्लास्ट वाढवायचे, एका खणात साधा मीडिया, दुसऱ्यात १० मायक्रोमोलर वाय-२७६३२. तीस मिनिटांनी फॉर्मल्डिहाइडनं स्थिर करायचं, ट्रायटननं पटलाला भोकं पाडायची, फॅलॉइडिन लावायचं, बघायचं. साध्या खणात प्रत्येक पेशीतून समांतर, जाड, चकाकणारे ताणतंतू आरपार गेलेले असतात, टोकांना घट्ट रोवलेले. दुसऱ्या खणात ते नाहीत. कडेला ॲक्टिनची पातळ किनार असते, मध्ये धूसर जाळी, आणि पेशीला लांबलचक शेपट्या फुटलेल्या असतात. पेशी पुढं सरकते पण तिला मागचं टोक ओढून घेता येत नाही, कारण ओढायला मायोसिनला जे फॉस्फेट लागतं तेच कमी पडलेलं असतं. मुखेडकडचा एक विद्यार्थी आयपीसवर डोळा ठेवून म्हणाला, "मॅडम, समदे दोरेच गायब झालेत की! पेशी मरायल्यात का?" मी त्याला उत्तर दिलं नाही. शेजारच्या खणातला मीडिया काढून, दोनदा धुऊन, साधा मीडिया घालायला सांगितलं. तास-दीड तासानं तो खण रंगवला तर ताणतंतू परत आलेले.

ते परत येणं ही या उत्पादनाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यात सांगाडा म्हणजे हाडांसारखं काहीतरी, एकदा बांधलं की उभं, असं असतं. धुतल्यावर परत आलेले तंतू बघितले की त्याला कळतं की पेशी हा सांगाडा सतत उभा करत असते, आणि कायनेज व फॉस्फेटेज यांची रस्सीखेच ज्या क्षणी जिथं असेल तोच त्या क्षणीचा आकार. मुखेडचा तो मुलगा नंतर स्वतःहून विचारू लागला, की मग फॉस्फेटेजच बंद केलं तर? हा प्रश्न कुठल्याही आकृतीतून आला नसता.

फॅलॉइडिनबद्दल वेगळं सांगते. अमानिटा फॅलॉइडिस या जहाल विषारी अळंबीतलं हे विष, सात अमिनो आम्लांचं वलय, १९३० च्या दशकात जर्मनीत शुद्ध रूपात काढलं गेलं. ते सुट्या ॲक्टिनला धरत नाही, धाग्यात गुंफलेल्या ॲक्टिनलाच धरतं, त्यामुळं रंग चढला तिथं धागा आहे असं समजायचं. अँटिबॉडीसारखं तासन् तास थांबावं लागत नाही, वीस-तीस मिनिटांत काम होतं आणि पार्श्वभूमी स्वच्छ येते. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मेथॅनॉलनं स्थिर केलेल्या पेशींवर ते चालत नाही. ज्यांच्याकडं सगळं काम मेथॅनॉलवर चालतं त्यांनी आधी सवय बदलावी. आणि रंग मायक्रोस्कोपमधल्या फिल्टरप्रमाणे निवडावा. डीलर जो उपलब्ध आहे तो गळ्यात मारतो. आमच्याकडं हिरवा आणि निळा एवढेच फिल्टर नीट चालतात, म्हणून हिरव्या रंगाचं फॅलॉइडिन आणि केंद्रकांसाठी डॅपी. विष आहे म्हणून हातमोजे घालायचेच. कुपीतली मात्रा अगदी सूक्ष्म असते, घाबरायचं कारण नाही, पण मुलांना ते काय आहे हे सांगूनच हातात द्यावं.

तक्रार आहे ती पुरवठ्याची. एका डीलरनं फॅलॉइडिनचं पार्सल भर मे महिन्यात शनिवारी पाठवलं. सोमवारी उघडलं तेव्हा जेल पॅक कोमट पाण्याच्या पिशव्या झालेल्या. फोन केला तर "मॅडम, कंपनीकडून असंच येतं" एवढंच उत्तर. सुकवलेली पावडर होती म्हणून ती वाचली. तयार द्रावण मागवलं असतं तर त्यावर विश्वास ठेवणं अवघड होतं. हे पैसे विद्यापीठाच्या छोट्या अनुदानातून, तीन-तीन कोटेशनं गोळा करून, सह्यांसाठी टेबलं फिरून आलेले असतात. पुण्यामुंबईच्या ग्राहकाला जी काळजी घेऊन माल पाठवला जातो ती नांदेड, हिंगोली, परभणीच्या ग्राहकालाही मिळाली पाहिजे. त्यात मी कसलीही तडजोड मानत नाही. तोवर उपाय एवढाच: फॅलॉइडिन पावडर रूपात मागवा, सोमवारी निघेल असं लेखी घ्या, आणि शक्य असेल तर ऑर्डर दिवाळी ते महाशिवरात्रीच्या दरम्यान लावा.

आता खरा विषय, ज्यासाठी मी ही जोडी एवढी जपते: वेळ. इनहिबिटरच्या डेटाशीटवर मात्रा असते, वेळ नसते. पण घडत्या स्नायूपेशीत तेच रसायन, तीच मात्रा, वेगळ्या दिवशी टाकली की वेगळं बोलते. मायोब्लास्टला स्नायूच्या वाटेवर ठेवण्यासाठी ऱ्हो-ए लागतं. त्याच्यामुळं ॲक्टिनचे धागे वाढतात, सुटं ॲक्टिन कमी होतं, सुट्या ॲक्टिनला चिकटून बसलेलं एमआरटीएफ हे प्रथिन मोकळं होऊन केंद्रकात जातं आणि एसआरएफ या दुसऱ्या प्रथिनाच्या साथीनं स्नायूची जनुकं चालू करतं. मायोडी या प्रमुख जनुकाच्या अभिव्यक्तीलाही ऱ्हो-ए लागतं हे १९९८ साली दाखवलं गेलं. म्हणजे सांगाड्याचा आकार हा केंद्रकाला पोचणारा निरोपही असतो. पण पुढं, पेशी एकमेकींत मिसळायच्या वेळी, हीच ऱ्हो-रॉकची ओढ उतरावी लागते. जपानी संशोधकांनी २००४ साली दाखवलं की रॉक शांत झाल्याशिवाय एफकेएचआर हे प्रथिन मायोब्लास्टच्या केंद्रकात साठत नाही आणि मिसळणं नीट होत नाही.

हे आमच्या प्लेटमध्ये बघायला आम्ही इनहिबिटर तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर टाकतो. एका ओळीला पेशी पेरताना. दुसरीला मीडिया बदलताना, म्हणजे वाढीचं सीरम काढून दोन टक्के घोड्याचं सीरम देताना. या उपासमारीनंच सी२सी१२ पेशी विभाजन थांबवून स्नायू व्हायला लागतात. तिसरीला मायोट्यूब दिसायला लागल्यावर. पहिल्या ओळीतल्या पेशी वेड्यावाकड्या पसरतात, शेजारणीला समांतर अशा रांगा लागतच नाहीत. दुसऱ्या ओळीत मायोट्यूब साध्या खणापेक्षा लवकर दिसतात, पण बारीक आणि लांब, कधी फांद्या फुटल्यासारख्या. तिसऱ्या ओळीत ताणतंतूंचा भाग विरघळतो आणि मायोट्यूबच्या मध्यात जे पक्के मायोफायब्रिल (स्नायूचे आकुंचन पावणारे तंतू) झालेले असतात ते पुष्कळसे टिकून राहतात. एकच कुपी, एकच मात्रा, आणि तीन ओळींत तीन वेगळी चित्रं. हे चित्र मुलं स्वतः काढतात तेव्हा त्यांना कळतं की "रॉक स्नायू घडण्यास मदत करतं की अडथळा आणतं" हा प्रश्नच अर्धवट आहे, आधी दिवस कोणता ते सांगा.

मायोफायब्रिल टिकतात त्याचंही कारण आहे. ताणतंतूंत सामान्य, बिगरस्नायू मायोसिन असतं आणि सगळं रोज मोडून पुन्हा मांडलं जातं. सँगर या संशोधक दांपत्याच्या मांडणीनुसार मायोफायब्रिलचा पहिला कच्चा आराखडाही बिगरस्नायू मायोसिन आणि अल्फा-ॲक्टिनिन या प्रथिनांच्या ठिपक्यांचाच असतो. मग त्यात स्नायूचं मायोसिन येतं, टायटिन हे प्रथिन येतं, ठिपके रांगेत येऊन पट्टे होतात आणि दोन-अडीच मायक्रोमीटरचं सार्कोमिअर, म्हणजे आकुंचनाचं एकक, पक्कं होतं. या वाटेवर रॉक एकटं नाही. बेडकाच्या भ्रूणपेशींत मायोसिनचे जाड धागे पट्ट्यांत बसण्यासाठी मायोसिन लाइट चेन कायनेज आणि कॅल्शियमचे झटके लागतात. फोकल ॲडहेजन कायनेज पटलाशी मायोफायब्रिलची जुळणी करून देतं. आयजीएफ-१ या वाढीच्या संप्रेरकाकडून येणारा निरोप एकेटी या कायनेजमार्गे जीएसके-३-बीटा या दुसऱ्या कायनेजला थांबवतो आणि त्यामुळं नेब्युलिन व एन-वास्प ही प्रथिनं एकत्र येऊन झेड रेषेपाशी (सार्कोमिअरच्या सीमेपाशी) ॲक्टिनचे नवे धागे उगवतात, हे २०१० साली प्रसिद्ध झालं. मला यातला हा शेवटचा भाग फार आवडतो, कारण व्यायामानं आणि आहारानं स्नायू भरतो हे मुलांनी घरी ऐकलेलं असतं आणि इथं त्याच्या तळाशी एक कायनेज थांबताना दिसतं.

आता मर्यादा. वाय-२७६३२ फक्त रॉकलाच अडवतं असं समजून चालू नये. पीआरके-२ या कायनेजला ते जवळपास तितक्याच ताकदीनं अडवतं. १० मायक्रोमोलरच्या वर गेलं की आणखी काही सापडतात. म्हणून "परिणाम दिसला, म्हणजे रॉक" असा निष्कर्ष काढलेला प्रबंध मी स्वीकारत नाही; वेगळ्या बनावटीच्या दुसऱ्या रॉक इनहिबिटरनं तेच दिसलं पाहिजे, नाहीतर रॉकचा आरएनए गप्प करून दाखवलं पाहिजे. दुसरं, फॅलॉइडिन धागे दाखवतं, कायनेज चालू आहे की बंद ते दाखवत नाही. त्यासाठी फॉस्फेट बसलेल्या मायोसिन साखळीची किंवा कोफिलिनची अँटिबॉडी आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखण्याची पद्धत) लागतो. ती अँटिबॉडी महाग आहे आणि थंड साखळीशिवाय येत नाही, तरी प्रकल्प छापायच्या लायकीचा करायचा असेल तर खर्च टाळता येत नाही. तिसरं, काचेवर किंवा प्लॅस्टिकवर वाढलेली पेशी गरजेपेक्षा जास्त ताणलेली असते, शरीरातला स्नायू त्याहून फार मऊ असतो. म्हणून इथं ताणतंतू दिसतात तेवढे बैलाच्या खांद्यात दिसतील असं नाही. आणि सी२सी१२ मध्ये ठळक पट्टे दिसायला आठवडाभराहून जास्त थांबावं लागतं, तोवर बऱ्याच मायोट्यूब तळापासून सुटून जातात.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. स्टॉरोस्पोरिन घेऊ नका. ते इतक्या कायनेजना अडवतं की शेवटी पेशीच मरतात आणि शिकायला काही उरत नाही. ब्लेबिस्टॅटिन चांगलं आहे, पण ते कायनेजला नाही, थेट मायोसिनला अडवतं, आणि निळ्या प्रकाशात खराब होतं. आमच्या हिरव्या फिल्टरसाठी निळाच प्रकाश टाकावा लागतो, त्यामुळं जिवंत पेशी बघताना ते गैरसोयीचं. पी-३८ हे कायनेज अडवणारं एसबी-२०३५८० जरूर घ्यावं, त्यानं मिसळणंच थांबतं आणि तुलनेला उत्तम पडतं, मात्र ते डीएमएसओत विरघळतं हे ध्यानात ठेवा. फासुडिल हे रॉकचंच इनहिबिटर जपानमध्ये १९९५ पासून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावर औषध म्हणून वापरात आहे. दुसऱ्या रॉक इनहिबिटरची गरज मी त्यावर भागवते.

किमतीबाबत एक उपयोगी गोष्ट. २००७ साली जपानमध्ये दिसून आलं की वाय-२७६३२ दिलं तर सुट्या केलेल्या मानवी भ्रूण मूलपेशी कितीतरी कमी मरतात. तेव्हापासून हे रसायन मूलपेशींच्या अनेक प्रयोगशाळांत जातं, म्हणून अनेक कंपन्या ते बनवतात. पण मूलपेशींसाठी म्हणून वेगळ्या वेष्टनात, तयार द्रावणात जे विकतात त्याला आपण जास्त पैसे मोजायचं कारण नाही. साधी संशोधन दर्जाची पावडर घ्या, शुद्धता ९८ टक्क्यांच्या वर असल्याचं प्रमाणपत्र मागा, आणि लॉट नंबर वहीत लिहून ठेवा. गुण द्यायचे तर वाय-२७६३२ ला पाचपैकी साडेचार, फॅलॉइडिनला चार. त्याचा एक गुण पुरवठ्यानं घालवला.

पुढच्या बॅचसाठी आम्ही दुसरी कुपी मागवली आहे. या वेळी उंदराच्या पेशींसोबत उस्मानाबादी शेळीच्या स्नायूतून सॅटेलाइट पेशी वेगळ्या करायच्या आहेत, तंतूच्या कडेला निजलेल्या त्या पेशी, ज्या अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. त्या पेशींना १० मायक्रोमोलर मानवेल असं गृहीत धरणार नाही. आधी १, ३ आणि १० अशा तीन मात्रा, प्रत्येकीत तीस मिनिटं आणि चोवीस तास, आणि प्रत्येक वेळी एक खण धुऊन परत बघण्यासाठी राखून ठेवलेला.